सरळ पट्ट्यावरची शर्यत

अमेरिकेतल्या छोट्या गावाबाहेरच्या ड्रॅग स्ट्रिपवर पाऊल टाकलं की आधी जळक्या रबराचा वास येतो. मग दिसतो जेमतेम 201 मीटरचा सरळ पट्टा. शेजारी शेजारी दोन गाड्या, पिवळे दिवे, मग हिरवा, आणि सुसाट! पण आम्ही गुंतलो ते ‘ब्रॅकेट रेसिंग’मध्ये. आपल्या गाडीला किती वेळ लागेल हे चालक आधीच काचेवर लिहितो. संथ गाडीला तेवढ्या फरकानं आधी सोडतात. लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात तर सहसा बाद! त्यामुळे आजोबांच्या काळातली गाडीही नव्याकोऱ्या दणकट गाडीला हरवू शकते.

वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापली, ती रस्त्यावरच्या शर्यती सुरक्षित जागी नेण्यासाठी. आपल्याकडेही रात्रीच्या रस्त्यांवर पोरं जीव धोक्यात घालतात, म्हणून हा विषय आज घेतला. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. पण तालुक्याच्या पोराला परवडेल अशी जागा कुठे आहे? या अंकात विजेत्यांपेक्षा पट्टा राखणारी, गाड्या तपासणारी माणसं जास्त भेटतील. तुमच्या गावाजवळ असा पट्टा हवा का? नको असेल तर तेही मोकळेपणानं कळवा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांसाठी जागा राखली आहे.