शेतकऱ्यानं घरात लोखंड ठेवावं



परवा खताची गाडी आली. १०:२६:२६ ची वीस पोती आणि युरियाची बारा. उतरवायला भावकीतला एक पोरगा आला होता, वय २२. चौथ्या पोत्याला त्याच्या कमरेत उसण भरली, तिथंच खाली बसला. युरियाचं पोतं ५० चं ४५ किलोचं होऊन बरीच वर्षं झाली, तरी ही तऱ्हा. राहिलेली पोती मी आणि आमच्या सौ.नी उतरवली. पोराला हसलो नाही, कारण सहा वर्षांपूर्वी त्याच जागी मी बसलो होतो. तीन आठवडे अंथरुणात. उसाची भरणी मजुरावर सोडली आणि भरणी कशी झाली ते विचारू नका.

"शेतात राबतोय की, आणि वेगळा व्यायाम कशाला?" हे वाक्य मी तीस वर्षं म्हणलं. आता माझं मत उलटं आहे. राबणं आणि ताकद कमावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुरपणात दिवसभर वाकून माणूस दमतो, झिजतो, पण ताकद वाढत नाही. ताकद वाढायला वजन हळूहळू वाढवावं लागतं आणि मध्ये विश्रांती द्यावी लागते. शेतात यातलं काय असतं? पोतं रोज तेवढंच, वाकणं रोज तसंच, आणि हंगामात विश्रांती नाही. बाकी वर्षभर ट्रॅक्टर आहे, मोटारसायकल आहे, मोटर मोबाईलवर चालू होते. म्हणजे दहा महिने बसून राहायचं आणि दोन महिने एकदम पोती उचलायची. कंबर बोलणारच.

तालमीला मी नावं ठेवत नाही. लहानपणी जोर-बैठका मीही मारल्यात. पण शंभर बैठका झाल्या तरी अंगावर वजन आपलंच असतं. लोखंडाचं बरं असतं, आज २० किलो, पुढच्या आठवड्यात साडेबावीस.

आमचं सामान सांगतो. तालुक्याला एक जिम बंद पडली, तिथनं आठ किलोचा रॉड आणि ६० किलो प्लेटा साडेपाच हजारात उचलल्या. बैठकीसाठी फॅब्रिकेशनवाल्याकडनं चौकोनी पाईपचा स्टँड करून घेतला, आणि खाली गुडघ्याच्या वर दोन आडवे दांडे बसवले, म्हणजे उठता नाही आलं तर रॉड त्यावर ठेवून बाहेर यायचं. हे दांडे नसतील तर खांद्यावर रॉड घेऊन बैठक मारू नका. एकट्यानं झोपून छातीवर रॉड तर बिलकुल नको.

प्रकार तीनच. जमिनीवरनं रॉड उचलून ताठ उभं राहायचं, त्याला डेडलिफ्ट म्हणतात. खांद्यावर रॉड घेऊन बैठक. आणि उभं राहून डोक्यावर रॉड ढकलायचा. पाच-पाच वेळा, तीन खेपा, आठवड्यातनं तीन दिवस. अर्धा-पाऊण तास लागतो. डेडलिफ्टला एक गोष्ट कुणी सांगत नाही. मोठी प्लेट ४५ सेंटिमीटरची असते, तिच्यामुळं रॉड नडगीच्या मध्यावर येतो. आपल्या प्लेटा छोट्या, रॉड पार खाली राहतो, मग पाठ गोल होते. मी दोन्ही बाजूला लाकडाचे ठोकळे ठेवतो. रॉड नडगीला चिकटून वर यायला पाहिजे, पाठ फळीसारखी. पोतं उचलतानाही हेच. अंगापासनं लांब धरून, वाकून, वर कमरेत पिळा देऊन पोतं टाकलं की मणक्याचं कल्याण.

पहिला महिना मी नुसता रॉड आणि पाच-पाचच्या प्लेटा वापरल्या. पोरं हसली. आता डेडलिफ्ट ९० किलोवर आहे (प्लेटा पुन्हा घ्याव्या लागल्या). बीपी असेल, हृदयाचं काही असेल, नस दबलेली असेल तर आधी डॉक्टरला विचारा. मी विचारलं होतं.

गेल्या वेळी एकानं विचारलं, ऑलिंपिकला जायचंय का? आपल्या सांगलीच्या संकेत सरगरनं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य आणलं. तो खेळ वेगळा, त्याला उस्ताद लागतो, व्हिडिओ बघून तसलं करू नका. मला फक्त म्हातारपणी जमिनीवरनं आपलं आपण उठायचंय. वडील शेवटची चार वर्षं न्हाणीपर्यंत धरून न्यावे लागायचे. एकदा परड्यात पडले आणि तासभर तसेच होते, उठताच येईना. घरी कुणी नव्हतं. आजार म्हणावा असा मोठा नव्हता, मांड्यांत जीव राहिला नव्हता.

खरा वाद घरात झाला तो सौ.वरनं. तिचं वय ४९, धार काढून उठताना हात टेकायची. म्हणलं तू पण ये. आई म्हणाली, बाईमाणसानं लोखंड उचलायचं नसतं, लोक काय म्हणतील. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डोक्यावरनं आणलेला वैरणीचा भारा काट्याला लावला आणि आईला आकडा दाखवला. ३८ किलो. ते चालतं, आणि २० किलोचा रॉड चालत नाही? उलट पन्नाशीला बायकांची हाडं लवकर झिजतात, त्यांना याची गरज आपल्यापेक्षा जास्त. आई अजून कुरकुरते, पण परवा पोती उतरवताना दारात उभी राहून मोजत होती.

कुणाला बघायचं असेल तर सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सहाला गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडात या. चप्पल बाहेर काढा, रॉड अनवाणीच उचलतो आम्ही. आणि एकटे येऊ नका, घरच्या बाईला घेऊन या.