साल अशोकाची, की भलत्याचीच?

काष्ठौषधींच्या दुकानात अशोकाची साल मागितली की दुकानदार मागच्या डब्यात हात घालतो, तपकिरी, खरखरीत तुकडे कागदावर ओततो आणि पुडी बांधून देतो. पाळीच्या तक्रारी, अंगावरून पांढरे जाणे यांसाठी आपल्याकडच्या बायका हा काढा पिढ्यान्‌पिढ्या घेत आल्या आहेत. पण ती साल अशोकाचीच, हे ठरवले कुणी? दुकानदाराला ठोक व्यापाऱ्याने सांगितले, व्यापाऱ्याला माल आणून देणाऱ्याने. पुडी घरी येईपर्यंत झाड कुठल्या कुठे राहिलेले असते.

मुळात अशोक कोणता, याचाच आपल्याकडे घोळ आहे. सोसायटीच्या फाटकाशी ओळीने उभी असलेली उंच, सरळसोट, नागमोडी कडांच्या पानांची झाडे आपण अशोक म्हणूनच ओळखतो. तो खरा आसुपालव, सीताफळाच्या कुळातला. औषधातला, सीतेच्या कथेतला अशोक वेगळा. तो शेंगांच्या कुळातला, गर्द सावलीचा. त्याची कोवळी पाने तांबूस आणि लोंबती असतात, फुलांचे गुच्छ केशरी, पुढे लाल होत जाणारे. दोन्ही झाडे समोर असली तर शाळकरी मूलही फरक सांगेल. साल मात्र सोलून, वाळवून, तुकडे केल्यावर मुकी होते. वनस्पतिशास्त्रज्ञ झाड ओळखतो तो फुला-पाना-फळांवरून, आणि पुडीत यातले काहीच नसते.

बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठातील आर. उमाशंकर, तेथल्याच अशोका ट्रस्ट या पर्यावरण-संशोधन संस्थेचे जी. रविकांत (नावातला योगायोग गमतीचा खरा!) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुक्या सालीला बोलते केले. त्यांनी २५ दुकानांतून 'अशोकाची साल' म्हणून विकला जाणारा माल गोळा केला. दुकाने बहुतेक दक्षिण भारतातली. प्रत्येक नमुन्याची डीएनएवरून ओळख पटवली, जोडीला आतल्या रसायनांचीही तपासणी केली. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेकडा ८०हून अधिक नमुने अशोकाचे नव्हतेच! ते निदान सात निरनिराळ्या कुळांतल्या वनस्पतींचे निघाले. म्हणजे एकाच झाडाची लबाडी नव्हे, जे हाती लागेल ते अशोक.

हे कळते कसे? वनस्पतीच्या हिरव्या पेशींत हरितलवक असतात. सूर्यप्रकाशावर अन्न शिजवणारी ती चूल. या चुलीला स्वतःचा वेगळा, छोटा डीएनए असतो, सुमारे दीड लाख अक्षरांचा. साल हिरवी नसली तरी तिच्या पेशींतल्या रंगहीन लवकांत हाच मजकूर असतो. एकेका पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असल्याने वाळलेल्या तुकड्यातूनही एखादी शाबूत सापडते. सगळा मजकूर वाचण्याची गरज नसते. २००९ साली जगभरच्या तज्ज्ञांनी वनस्पतींच्या ओळखीसाठी त्यातली दोन जनुके मुक्रर केली, 'आरबीसीएल' आणि 'मॅटके'. पहिले हवेतला कर्बवायू पकडणाऱ्या प्रथिनाचे, म्हणून ते फार सावकाश बदलते आणि कूळ सांगायला उत्तम. दुसरे जरा चंचल, जवळची भावंडे वेगळी करायला बरे. सालीतून हा मजकूर काढायचा आणि खात्रीने ओळखलेल्या झाडांच्या मजकुराशी ताडून पाहायचा.

या सावकाश बदलणाऱ्या जनुकाने पंडितांनाही धक्के दिले आहेत. १९९३ साली सुमारे ५०० वनस्पतींचे 'आरबीसीएल' एकत्र मांडून एक मोठी वंशावळ तयार झाली. तीत कमळ आणि कुमुद, एकाच तळ्यातली ही जोडी, एकमेकांची कुणीच निघाली नाहीत. कमळाचे नाते जुळले ते सिल्व्हर ओकच्या कुळाशी, कर्नाटकातल्या कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी लावतात त्या झाडाच्या कुळाशी. चेहऱ्यावरून नाते ठरवू नये, हे माणसांइतकेच झाडांनाही लागू पडते.

पण बाजारात सगळाच माल खोटा असतो असे मात्र नाही. बंगळूरच्या याच मंडळींनी २०१० साली काविळीवरच्या भुईआवळीची अशीच झडती घेतली होती. तीही २५ दुकानांतून. हरितलवकातल्या एका छोट्या पट्टीवरून भुईआवळीच्या बहिणी-बहिणी वेगळ्या काढल्या. शेकडा ७६ नमुन्यांत जवळजवळ सगळी खरीच भुईआवळी होती. उरलेल्यांत तिच्या पाच बहिणी सापडल्या. हे असे का? भुईआवळी पावसाळ्यात बांधावर, अंगणात, कुंडीतसुद्धा आपोआप उगवते. उपटणाऱ्याची चूक झाली तर ती नजरचूक. अशोकाचे तसे नाही. त्याला वाढायला वर्षे लागतात, मागणी अफाट, आणि रानातली झाडे सालीसाठी इतकी ओरबाडली गेली की धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत त्याचे नाव चढले. खरी साल मिळेना, तेव्हा डबा भलत्याच सालीने भरू लागला.

या तपासणीलाही मर्यादा आहेत. काढा उकळला की डीएनएचे तुकडे तुकडे होतात, त्यामुळे बाटलीतल्या तयार औषधाची झडती घेणे अवघड. पकडायचे तर कच्च्या मालातच पकडावे लागते. बहुतेक फुलझाडांत हरितलवक आईकडूनच येतात, तेव्हा संकर असेल तर बापाचे नाव कळत नाही. साल अशोकाची आहे एवढे कळले तरी ती किती वर्षे डब्यात पडून होती, तिच्यात औषधी अंश किती उरला, यासाठी रसायनांचीच परीक्षा हवी.

आणि त्या २५ दुकानांतल्या ज्या थोड्या पुड्यांत खरा अशोक निघाला, ती साल कुणाच्या बागेतली की रानातल्या उरल्यासुरल्या झाडाची, हे या जनुकांना सांगता येत नाही.