गंजाचे व्याकरण

निवृत्त झालेले वाफेचे इंजिन एखाद्या स्थानकासमोर चौथऱ्यावर उभे करायचे ठरले की त्याला आधी घासूनपुसून घेतात. मग चकचकीत काळा रंग, चाकांच्या कडांना पांढरा पट्टा, समोर लाल आडपट्टी आणि पितळी अक्षरांवर झळाळी. पन्नास-साठ वर्षे कोळसा खाऊन, पाणी पिऊन, उन्हापावसात राबलेले यंत्र अशा रीतीने कारखान्यातून नुकतेच बाहेर पडल्यासारखे दिसू लागते. याच्या नेमका उलट उद्योग प्रतिकृती करणारा हौशी माणूस घरच्या टेबलावर करीत असतो. प्लास्टिकचे कोरे करकरीत इंजिन समोर ठेवून तो त्यावर संध्याकाळमागून संध्याकाळ गंज, काजळी, तेलाचे ओघळ आणि रंगाचे पोपडे चढवीत बसतो. खऱ्याला नवे करायचे आणि नव्याला जुने करायचे, असा हा व्यवहार आहे. या दोहोंपैकी सत्याच्या अधिक जवळ कोण, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. तो वास्तववादाचा आहे, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनीही त्याकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

नागपूरकरांना तर या प्रश्नाकडे पाठ फिरवता येणार नाही. मोतीबागेत २००२ च्या डिसेंबरात नॅरोगेज रेल्वे संग्रहालय उघडले, तेव्हा ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरची गाडी या परिसरात अजून धावत होती. बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात सातपुड्याच्या अंगाखांद्यावरून विणलेले हे जाळे गोंदिया, नैनपूर, जबलपूर, छिंदवाडा आणि नागभीड अशा गावांना जोडणारे होते. नागपूर-छिंदवाडा मार्गावरची छोटी गाडी २०१५ च्या अखेरीस थांबली, नागपूर-नागभीड मार्गावरची २०१९ च्या नोव्हेंबरात. रूळ रुंद होणे ही प्रवाशांच्या दृष्टीने इष्टच गोष्ट. त्याबद्दल गळा काढण्याचे कारण नाही. परंतु संग्रहालय ज्या गोष्टीची आठवण ठेवण्यासाठी आहे ती गोष्ट आता भिंतीबाहेर उरलेली नाही, हा फरक ध्यानात घेतला पाहिजे. कालपर्यंत प्रतिकृती ही मूळ वस्तूची नक्कल होती; आता ती साक्षीदार होऊ लागली आहे. साक्षीदाराकडून आपण नीटनेटकेपणापेक्षा खरेपणाची अपेक्षा करतो.

जुनेपण चढवण्याची ही कला, जिला हौशी मंडळी सर्रास ‘वेदरिंग’ म्हणतात, फार जुनी नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन या छायाचित्रकाराने विसाव्या शतकाच्या मध्यास आपल्या घराच्या तळघरात उभारलेल्या लघुरेल्वेतून ती लोकप्रिय केली. खेळण्यातली गाडी आणि जगातली गाडी यांतला भेद आकाराचा नसून मळाचा आहे, हे त्याच्या कामाने अनेकांना पटवले. १९७३ च्या जानेवारीत तो वारला आणि अवघ्या काही दिवसांत त्याची ती सृष्टी आगीत गेली. उरली ती छायाचित्रे.

या कलेची साधने मात्र घरगुती आहेत. आधी अस्तर, त्यावर गंजाचा तपकिरी रंग, त्यावर केसांना मारायच्या स्प्रेचा पातळ थर, आणि त्यावर इंजिनाचा मूळ रंग. तो वाळला की ओल्या कुंचल्याने हलकेच घासायचे. स्प्रेचा थर पाण्यात विरघळतो, वरचा रंग टवके उडून निघतो आणि खालचा गंज उघडा पडतो. कोणी मिठाचे खडे वापरतो, कोणी फाटक्या स्पंजाचा तुकडा रंगात बुडवून टिपके उमटवतो. पातळ केलेला काळपट रंग फटींमध्ये सोडला की तो आपोआप खोलगट जागी जाऊन बसतो. जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवटे उजळता येतात. साध्या शिसपेन्सिलीने कडा घासली की हाताळून गुळगुळीत झालेल्या लोखंडाची झाक येते. यांत अवघड काहीच नाही. चार रविवार दिले तर ही सारी क्लृप्ती कोणासही साधेल. आणि धोकाही तिथेच आहे.

कारण हात बसला की माणूस गंज शिंपडू लागतो. जिथे जागा दिसेल तिथे तपकिरी टिपके, सगळीकडे सारखेच. असे इंजिन छायाचित्रात प्रभावी दिसते. पण लोखंडाशी ज्याचा संबंध आला आहे तो माणूस ते पाहून गोंधळतो. गंज कुठेही लागत नसतो. लोखंड, हवा आणि पाणी यांची गाठ जिथे पडते तिथेच तो धरतो. म्हणजे जिथे पाणी साचते त्या सांध्यांत, रिव्हेटांच्या बुडाशी, रंग प्रथम उडतो त्या कडांवर. गंजाला मूळ धातूपेक्षा अधिक जागा लागते, म्हणून तो आतून रंगाला फुगवतो, फोड येतो, फोड फुटतो, आणि तिथून पुढच्या पावसाचे पाणी ओघळत खाली जाते. कोवळा गंज नारिंगी असतो, मुरलेला गंज काळपट तपकिरी. बॉयलरच्या झडपांपाशी दिसतात ते ओघळ तर गंजाचे नव्हेतच; ते पाण्यातल्या क्षारांचे, पांढरट असतात. रुळाची बाजू तांबूस असते, परंतु माथा चाकांनी घासून आरशासारखा लखलखीत असतो. तो माथाही गंजलेला दाखवला तर त्याचा अर्थ एकच होतो: या रुळावरून आता गाडी जात नाही. एका रेघेने चालू मार्ग बंद होतो. म्हणून आम्ही गंजाच्या व्याकरणाची भाषा करतो. त्याला कर्ता आहे, काळ आहे, आणि चुकीच्या जागी पडलेला प्रत्यय इथेही अर्थाचा अनर्थ करतो.

हे व्याकरण प्रदेशानुसार बदलतेही. मुंबईच्या खाऱ्या हवेत लोखंड बारा महिने कुरतडले जाते. नागपुरात आठ महिने कोरडे जातात, आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या वर चढतो. इथे गंजाइतकेच काम ऊन करते: रंग विटतो, भुकटी होतो, लालाचा गुलाबी होतो. या मार्गांच्या परिसरात कोळसा आहे आणि मँगनीजही. म्हणजे धूळसुद्धा इथली, काळसर. बाटलीवर छापलेल्या परदेशी सूचना बहुधा ओल्या, थंड मुलखातला गंज शिकवतात. त्या तंतोतंत पाळून रंगवलेले छिंदवाड्याचे इंजिन निर्दोष दिसेल. फक्त ते छिंदवाड्याचे नसेल.

आता साहित्याकडे वळू. ऐतिहासिक कादंबरीत ‘जाहले’, ‘फर्मावले’, ‘खासा’ असे शब्द पेरून आजच्या वाक्याला जुनेपण देण्याची रीत आपल्या परिचयाची आहे. वाक्याची ठेवण आजची, विचार आजचा, आणि वर चार टिपके बखरीचे. हे स्पंजाने मारलेले गंजच होत. दूरचित्रवाणीवरचे विदर्भातले पात्र दर दोन वाक्यांमागे ‘काहून’ आणि ‘बाप्पा’ म्हणते, तेव्हाही तेच घडत असते. बोली म्हणजे भाषेची झीज, असे आमचे म्हणणे मुळीच नाही; साम्य इतकेच की दोहोंना आतून नियम असतात, आणि नियम न जाणता केवळ खुणा उचलणाऱ्याला दोन्हीही दगा देतात.

याच्या उलट उदाहरण आपल्याच गावचे आहे. महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातल्या देशपांड्यांच्या वाड्यात एक ट्रॅक्टर गंजत पडलेला आहे. तो वातावरणनिर्मितीसाठी ठेवलेला नाही. जमीनदारी गेली, यंत्र आणून काळाशी जुळवून घेण्याचा प्रयत्न झाला, तो तिथेच थांबला. ज्या जागी कुटुंबाची इच्छाशक्ती संपली त्याच जागी गंज धरला. वाड्याची पडझडही सर्वत्र सारखी पसरलेली नाही. जिथे ताण आहे तिथे ती आहे. या नाटकात गंजाला कारण आहे, म्हणून तो खरा वाटतो. प्रतिकृतिकाराने आणि कथालेखकाने एकाच पाठशाळेत जावे, असे म्हणतो ते यासाठी.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ही जीर्णतेची हौस आपल्या मातीतली नव्हे, असे कोणी म्हणेल. आपल्याकडे दिवाळीत पोरे किल्ला करतात. गोणपाट चिखलात भिजवून डोंगर करतात, आळीव पेरून रान उगवतात, गेरूने बुरूज रंगवतात. परंतु तो किल्ला कधी पडका नसतो. प्रत्यक्षात गडावर तटबंदी ढासळलेली, वाड्यांचे नुसते चौथरे. पण अंगणातल्या किल्ल्यावर महाराज सिंहासनावर बसलेले, तोफा सज्ज, पहारे जागे. खंडित मूर्ती आपण पूजेत ठेवीत नाही. झिजलेल्या देवाला शेंदराचा लेप देतो, लेपावर लेप. सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे असे थर २०२२ मध्ये उतरवले तेव्हा खालचे रूप पाहून लोक चकित झाले. झीज झाकणे हाच आपला संस्कार आहे. मग चौथऱ्यावरच्या इंजिनाला रंग दिला तर बिघडले काय?

काहीच बिघडले नाही, असे आमचे उत्तर आहे. उघड्यावरच्या लोखंडाला रंग हे कवच आहे; ते न दिल्यास चार पावसाळ्यांत पत्रे कुजतील. पोरांच्या किल्ल्यातही खोटेपणा नाही, कारण तो आजचा गड दाखवीतच नाही. तो एक इच्छा दाखवतो. पुण्यात कोथरूडला १९९८ पासून असलेले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय घ्या. तिथला आनंद चालत्या गाड्यांचा, सिग्नलांचा, सुरळीत वेळापत्रकाचा आहे. तिथे मळ शोधणे अरसिकपणाचे होईल. आमचा मुद्दा एवढाच की खरे इंजिन रंगवणे भाग असल्यामुळे त्याच्या अंगावरची हकीकत पुसली जाते, आणि ती अन्यत्र कुठेतरी नोंदवून ठेवणे म्हणूनच अगत्याचे ठरते. प्रतिकृती हे काम करू शकते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. जुनेपण आज विकले जाते. कारखान्यातच फाडलेल्या जीन्स, नव्या लाकडाला पाडलेल्या खोट्या भेगा, ‘वाडा’ म्हणवणाऱ्या उपाहारगृहात मुद्दाम काळवंडवलेली पितळी भांडी, यांचा सुकाळ आहे. ज्यांनी कधी ठिगळाचे कपडे घातले नाहीत त्यांनाच फाटकेपणाची चैन परवडते. गंजलेले इंजिन रंगवणारा हौशी माणूस याहून वेगळा कसा?

तो वेगळा असेलच असे नाही. वेगळेपण त्याने काय दाखवले यावर ठरते. इंजिनावरचा निम्मा जुनाटपणा निसर्गाचा नसतो, माणसांचा असतो. चढताना धरायच्या दांड्याचा रंग नेमका मुठीच्या उंचीला उडालेला असतो, पायरीची कड मध्यभागी झिजलेली असते, कोळशाच्या दाराभोवती फावड्याचे ओरखडे असतात, तेल घालणाऱ्याच्या हाताचे काळे ठसे ठरावीक जागीच उमटतात. या माणसांची नावे चौथऱ्याच्या फलकावर नसतात. तिथे बनवणारी कंपनी आणि साल असते. त्यांच्या श्रमाचा जो काही लेख उरतो तो या झिजेत, आणि नवा रंग पहिल्यांदा पुसतो तो हाच लेख. १:८७ या प्रमाणात मुठीएवढा डाग जेमतेम एक मिलिमीटर होतो. तो एक मिलिमीटर योग्य जागी पडला तर प्रतिकृतीत एक फायरमन येतो. तो नुसताच इकडेतिकडे पडला तर उरते केवळ भग्नतेची शोभा.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रतिकृती गंजवावी, पण कारणाशिवाय एक टिपकाही देऊ नये. त्यासाठी रंगाच्या बाटलीपूर्वी वही आणि कॅमेरा हवा. नॅरोगेजचे जुने डबे, सामान, फाटक्या खुर्च्या, स्थानकांच्या पाट्या यांतले जे अजून रंगाच्या किंवा भंगाराच्या वाटेला लागलेले नाही, त्याची झीज आज टिपून ठेवावी: कुठे, किती, कशामुळे. ज्यांनी त्या गाड्या चालवल्या आणि दुरुस्त केल्या त्यांना विचारावे की हा डाग कशाचा. मराठीच्या प्राध्यापकांनी वर्णनलेखनाचा एखादा तास वर्गाऐवजी मोतीबागेत घ्यावा, आणि विद्यार्थ्यांना ‘जुने’, ‘जीर्ण’, ‘पुरातन’ ही विशेषणे वापरण्यास मनाई करून एका चाकाचे वर्णन लिहावयास सांगावे. विशेषण काढून घेतले की डोळ्यांना काम लागते.