पुसली जाणारी रांगोळी

नायगाव पूर्वेला मालिकांचे सेट लागायला लागले, तसे आमच्या जूचंद्र गावात ‘शिफ्ट’, ‘कॉल टाइम’ हे शब्द रुळले. परवा चंडिकादेवीच्या देवळाच्या पायऱ्यांवर आळीतली एक मुलगी भेटली. एका मालिकेची सहायक दिग्दर्शक आहे. म्हणाली, ‘‘काका, हे पोटापुरतं. खरं काम सिनेमातच.’’

मला ते लागलं. तिथेच बसून मी तिला दिग्दर्शिका सई परांजपे सांगितल्या.

सईताई आकाशवाणी, नाटक आणि दिल्ली दूरदर्शन करत सिनेमात आल्या. दूरदर्शनसाठी अंधशाळेवर माहितीपट करताना त्यांना ‘स्पर्श’ची गोष्ट सापडली. त्या सिनेमाच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८१चा ‘चश्मेबद्दूर’ही आधी ‘धुआँ धुआँ’ नावाची टेलिफिल्म होता. दारोदार ‘चमको’ पावडर विकणारी दीप्ती नवल ज्या सिनेमामुळे घराघरांत पोचली, त्याचं बी छोट्या पडद्यावर पडलं होतं!

मग १९८३चा ‘कथा’. शं. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ नाटकावरून केलेला, पुण्यातल्या चाळीत चित्रित झालेला. नसीरुद्दीन शाह आणि फारुख शेख त्यात आहेतच; पण मी तो दर वेळी बघतो तो चाळीसाठी. गॅलरीतून डोकावणारी, दुसऱ्याच्या घरातलं सगळं ठाऊक असलेली ती माणसं सईताईंनी कुठेही घाईत उरकलेली नाहीत. आणि एवढं नाव झाल्यावर त्या काय करतात? पुन्हा दूरदर्शनकडे वळतात. १९८४ला ‘अडोस पडोस’, पुढच्या वर्षी ‘छोटे बडे’. गिरणी कामगारांवरचा ‘दिशा’ त्यानंतरचा. २००६ साली पद्मभूषण.

असं जीव ओतून काम करणं आमच्याकडेही आहे. आमचं गाव रांगोळीचं. इथले कलाकार एका चेहऱ्यावर तासन्‌तास वाकून बसतात. डोळ्याखालची सुरकुती जमेपर्यंत उठत नाहीत. चार दिवसांत ती रांगोळी झाडूने जाणार, हे त्यांना पक्कं माहीत असतं. तरी त्यातला एकही जण म्हणत नाही, की हे पोटापुरतं, खरं चित्र कागदावर काढीन. आज दाखवलेला भाग उद्या कुणाच्या लक्षात राहणार नाही, हे कबूल. म्हणून तो निष्काळजीपणे करायचा, हे मात्र जूचंद्रच्या पोरीला शोभत नाही.

सेटवर जाणाऱ्या आमच्या सगळ्या मुलांना माझं एकच मागणं आहे. पुढच्या सुट्टीत ‘कथा’ बघा, आणि त्यातले शेजारी नीट बघा.