महसूल शासनाचा, रुग्ण कोणाचा?

मुंबईच्या मालाड उपनगरातील मालवणीत २०१५ च्या जून महिन्यात विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. सत्र न्यायालयाचा निकाल लागला तो २०२४ मध्ये. १४ आरोपींपैकी ४ जणांना १० वर्षांचा कारावास झाला, १० जण निर्दोष सुटले. त्यापूर्वी २००४ मध्ये विक्रोळीतही असेच हत्याकांड घडले होते. दोन्ही वेळी क्रम तोच होता. आधी प्रेतांची मोजदाद झाली, मग काही पोलिसांचे निलंबन, मग महिनाभर हातभट्ट्यांवर धाडी, आणि नंतर सर्वत्र शांतता. मेथिल अल्कोहोल हे औद्योगिक रसायन वस्तीपर्यंत कसे आले, हा प्रश्न निदान न्यायालयात तरी विचारला गेला. मात्र काही रुपयांच्या पिशवीसाठी रोज संध्याकाळी रांग लावणाऱ्या या माणसांपैकी कितीजणांना दारू सोडायची होती, आणि सोडायची ठरवली असती तर ते कोणत्या दारात गेले असते, हे कोणीच विचारले नाही.

मालवणी ही काही आपोआप वाढलेली वस्ती नव्हे. शहराच्या मोक्याच्या जागांवरून उठवलेल्या झोपडीवासीयांना खाडीकाठच्या पाणथळ जमिनीवर आणून टाकण्यात आले, त्यातून ती उभी राहिली. पाणी, गटारे आणि शाळा मागाहून आल्या, त्याही झगडून घ्याव्या लागल्या. दारूला मात्र कोणाला मोर्चा काढावा लागला नाही. उपनगरातील कोणत्याही कष्टकरी वस्तीत आज 'सरकारमान्य देशी दारूचे दुकान' अशी पाटी ठळकपणे दिसते. दारू सोडविणारा सरकारमान्य दवाखाना अशी पाटी त्याच वस्तीत शोधू जाता सापडत नाही. शासनाच्या व्यसनविषयक धोरणाचे सार या दोन पाट्यांत आले आहे.

महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा, १८८० मध्ये, शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध त्यांनी लेखी तक्रार केली होती. त्या वेळी महसूल इंग्रजांचा होता. पुढे राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने दारूबंदीच्या दिशेने प्रयत्न करण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविले. १९४९ चा दारूबंदी कायदा तर आजही पुस्तकात आहे आणि त्याच कायद्याखाली दुकानांना परवाने दिले जातात! २०२५ च्या जूनमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्कवाढ मंजूर केली, तेव्हा वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांचा जादा महसूल मिळेल असा अंदाज जाहीर करण्यात आला. किंमत वाढली की पिणे काहीसे घटते, हे खरे आहे. परंतु जो शरीराने दारूच्या अधीन झाला आहे तो किंमत वाढली म्हणून थांबत नाही. तो घरातले भांडे विकतो किंवा हातभट्टीकडे वळतो. अशा माणसासाठी त्या १४,००० कोटींतून किती रुपये बाजूला काढले, याचा उल्लेख त्या घोषणेत नव्हता.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक मद्यपान करतात आणि त्यांपैकी ५.७ कोटी लोकांना या सवयीपायी मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण अधीन झालेल्या दर ३८ जणांपैकी केवळ एकाला कसलातरी उपचार मिळाल्याचे आढळले. दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळालेला दर १८० जणांत एक. क्षयरोगाच्या बाबतीत असे आकडे निघाले असते तर विधिमंडळ बंद पडले असते. इथे कोणाच्या कपाळावर आठीही उमटली नाही, कारण दारुडा हा रुग्ण आहे हेच मुळी मनोमन कोणी मान्य केलेले नाही. शासन त्याला ग्राहक मानते, पोलीस उपद्रवी मानतात, शेजारी बेशरम मानतात. कार्यकर्त्यांच्या मनातही बहुधा शेजाऱ्यांचेच मत असते.

या गैरसमजाची किंमत जीवाने मोजावी लागते. वर्षानुवर्षे रोज पिणारा माणूस श्रावण पाळायचा म्हणून किंवा बायकोने मुलाची शपथ घातली म्हणून एका दिवसात दारू बंद करतो. काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहीजण भ्रमिष्ट होतात. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे बोलावू लागतात. घरचे मांत्रिकाकडे धावतात, नाहीतर पुन्हा थोडी दारू पाजतात. वास्तविक ही अवस्था वैद्यकाला उत्तम ठाऊक आहे. काही दिवसांची शामक औषधे, 'ब-१' जीवनसत्त्व आणि नीट देखरेख एवढ्याने ती बहुधा आटोक्यात येते. ती औषधे महागडी नाहीत. देखरेख करणारा डॉक्टर मात्र वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर असावा लागतो.

तो नसल्यामुळे जे मोकळे रान मिळते, त्यात धंदा फोफावतो. उपनगरी गाड्यांच्या डब्यांत 'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा चिठ्ठ्या डकवलेल्या कोणी पाहिल्या नसतील? डायसल्फिरॅम नावाचे एक खरे औषध आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. म्हणूनच ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि वैद्यकीय तपासणीनंतरच द्यायचे असते. तेच औषध चहात किंवा भाजीत गुपचूप मिसळले गेले तर ते जीवही घेऊ शकते. दुसरा धंदा खाजगी 'केंद्रां'चा. महिन्याची रक्कम ठरते, रात्री गाडी येते, आणि चार धट्टीकट्टी माणसे घरातल्या कर्त्या पुरुषाला उचलून नेतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांमुळे होणारे विकार आपल्या कक्षेत घेतले आहेत. अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, आणि रुग्णाच्या संमतीवाचून त्याला दाखल करायचे तर दोघा तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक आहे. हा कायदा किती बायकांना माहीत आहे? आणि माहीत असला तरी त्या करणार काय? कुटुंबाच्या अगतिकतेला दोष देणे सोपे आहे. ज्या शासनाने तिला दुसरा दरवाजाच ठेवला नाही, त्याच्याकडे बोट दाखविणे अधिक न्याय्य ठरेल.

अमली पदार्थांच्या बाबतीत स्थिती आणखी विचित्र आहे. १९८० नंतरच्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत गर्द शिरले. १९८५ मध्ये केंद्राने कडक कायदा केला. आज गर्दच्या जोडीला एमडी आहे, खोकल्याचे औषध आहे, झोपेच्या गोळ्यांची 'बटणे' आहेत. या कायद्याचे २७ वे कलम नुसत्या सेवनासाठीही एक वर्षापर्यंत कारावास सांगते. परंतु त्याच कायद्यात ६४-अ हे कलमही आहे. जो व्यसनी स्वेच्छेने सरकारी किंवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतो, त्याला या खटल्यापासून संरक्षण मिळते. म्हणजे कायद्याने सुटकेचा रस्ता आखला, पण रस्ता ज्या इमारतीपाशी जातो ती इमारतच उपनगरात बांधली नाही. परिणाम असा की सधन घरातला मुलगा वकिलाच्या सल्ल्याने रुग्ण ठरतो आणि मालवणीतला किंवा गोवंडीतला मुलगा आरोपी.

गर्दच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिनसारख्या पर्यायी औषधाचा उपचार आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली, विशेषतः टोचून घेणाऱ्यांसाठी, तो मोफत दिला जातो. हे औषध बहुधा रोज केंद्रात जाऊन कर्मचाऱ्यासमोर घ्यावे लागते. नालासोपाऱ्याच्या नाका-कामगाराने सकाळची गाडी धरून परळच्या मोठ्या रुग्णालयात यावे, रांग लावावी आणि दुपारी परतावे, असा उपचार म्हणजे रोजच्या रोजीला मुकणे आहे. आठवड्याभरात तो येईनासा होतो, आणि कागदावर नोंद होते ती रुग्णाच्या 'अनास्थे'ची!

या अंधारात जे दिवे लागले ते बहुतांशी समाजानेच लावले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू केले. त्यामागे पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांचा आधार होता. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये 'कृपा' उभी केली. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून जन्मलेली अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही बिरादरी आज चर्चच्या सभागृहांत आणि शाळांच्या वर्गांत छदामही न घेता बैठका भरविते. तिच्या काही परिभाषेशी समाजवाद्यांचे जमणार नाही. परंतु एक व्यसनी दुसऱ्याला जो आधार देतो तो कोणत्याही अधिकाऱ्याला देता येत नाही, हे तिने दाखवून दिले आहे. या सर्वांचा अनुभव एका मुद्द्यावर सारखा आहे. दारू थांबवणे हा उपचाराचा सोपा भाग असतो. खरे काम रुग्ण घरी परतल्यावर सुरू होते. तोच नाका, तीच बेकारी, संध्याकाळी तेच मित्र. तेथे त्याला पुन्हा घसरू न देणे, आणि घसरलाच तर हाकलून न देता परत बोलावणे, हे वर्ष-दोन वर्षे चालावे लागते. स्वयंसेवी संस्था हे किती वस्त्यांत करू शकतील? त्यांच्या कार्याचे कौतुक करून शासनाने आपली जबाबदारी झटकणे हा तर शुद्ध अप्पलपोटेपणा आहे.

चळवळीने आजवर या प्रश्नाकडे पाहिले ते मुख्यतः दुकान बंद करण्याच्या बाजूने. ते गैर नव्हते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती लोकांच्या रेट्यातून आली. चंद्रपूरची बंदी मात्र २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये शासनानेच उठवली. 'आडव्या बाटली'च्या मतदानासाठी गावोगावच्या स्त्रियांनी जे धैर्य दाखवले त्याला तोड नाही, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळविण्याची अट त्यांच्या वाटेत मुद्दाम ठेवल्यासारखी आहे. तथापि भाड्याच्या खोल्या दर वर्षी बदलणाऱ्या उपनगरात अशी जमवाजमव फार कठीण, आणि दुकान बंद झाले तरी अधीन झालेला माणूस तसाच उरतो. दुकान हटवा म्हणणाऱ्या मोर्चाने त्याच निवेदनात दवाखाना द्या असे म्हटले पाहिजे. दुर्दैवाने आजवरच्या बहुतेक निवेदनांत ही दुसरी ओळ नसते.

आणि स्वतःच्या घरातही डोकावावे लागेल. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत बाटल्या वाटणारे पक्ष कोणते, हे सर्वांना ठाऊक आहे. ते वाटप पाहून गप्प बसणारे कोण, हेही ठाऊक असायला हवे. कामगार संघटनांचे वर्तन याहून फारसे निराळे नाही. आदर्श स्थायी आदेशांत कामावर दारू पिऊन येणे हे गैरवर्तन आहे. मालक चौकशी बसवितो, संघटना माफीपत्र लिहून देऊन माणूस वाचविते, आणि तिसऱ्या खेपेला तीही हात वर करते. बडतर्फीपूर्वी उपचाराची एक संधी आणि त्या काळाची भरपगारी रजा, हे कलम किती संघटनांनी वेतनकराराच्या मसुद्यात घातले? ज्यांना संघटनाच नाही त्या रिक्षावाल्याचे, बारा तास उभ्या असलेल्या रखवालदाराचे तर कोणी नावही घेत नाही. महिनाभर दाखल व्हा, हा सल्ला त्याच्यासाठी घरभाडे थकविण्याचा सल्ला आहे.

त्याला हवा आहे संध्याकाळी उघडा असणारा, वस्तीतलाच दवाखाना. मुंबईत २०२२ पासून 'आपला दवाखाना' या नावाने महापालिकेने रात्री दहापर्यंत चालणारे दवाखाने वस्त्यांतून सुरू केले, म्हणजे वेळेची आणि जागेची सबब उरलेली नाही. तेथील डॉक्टरांना या आजाराचे प्रशिक्षण, आठवड्यातून दोन संध्याकाळी समुपदेशक, दारू सोडताना लागणारी औषधे कायम साठ्यात, आणि उपनगरातील प्रत्येक महापालिका रुग्णालयात या रुग्णांसाठी राखीव खाटा: मागणी एवढीच आहे. मद्यशुल्काचा ठराविक हिस्सा कायद्याने यासाठी बांधून घेतला पाहिजे. वॉर्डाच्या पुढच्या बैठकीत शाखांनी हे निवेदन मांडावे आणि त्यावर वस्तीतल्या स्त्रियांच्या सह्या घ्याव्यात. शाखेची खोली रविवारी सकाळी रिकामीच असते; दारू सोडलेल्यांच्या बैठकीसाठी ती मागायला कोणी आले तर किल्ली देण्यास कार्यकारिणीच्या ठरावाची वाट पाहू नये.