कॅशियसचे मतांतर

शेक्सपिअरच्या 'ज्यूलियस सीझर' नाटकाच्या पाचव्या अंकात, फिलिपायच्या लढाईपूर्वी, कॅशियस मेस्सालाजवळ कबुली देतो की आजवर आपण एपिक्युरसला मानीत आलो, परंतु आता शकुनांवर आपला थोडाबहुत विश्वास बसू लागला आहे. सार्डिसहून येताना ध्वजावर उतरलेले दोन गरुड उडून गेले आणि त्यांच्या जागी डोमकावळे व घारी सैन्यावर घिरट्या घालू लागल्या, हे त्याचे कारण. एवढ्यावरून टीकाकार निकाल देऊन मोकळे होतात : सुखवादी नास्तिकाला अखेर दैवापुढे मान तुकवावी लागली! हा निकाल आम्हांस मुळीच मान्य नाही.

'सुखवादी' हा शब्दच आधी तपासला पाहिजे. चार्वाकाचे म्हणणे आपण त्याच्या विरोधकांच्या तोंडून ऐकले आणि कर्ज काढून तूप पिण्याचा उपदेश त्याच्या माथी कायमचा मारला. एपिक्युरसचीही तीच गत केली. वस्तुतः ख्रिस्तपूर्व ३०६ च्या सुमारास अथेन्समधील बागेत शाळा मांडणारा हा पुरुष भाकरी-पाण्यावर संतुष्ट असे. देहाला पीडा नसणे व चित्ताला क्षोभ नसणे, हेच त्याचे सुख. देव आहेत, पण ते पाखरांकरवी माणसांना निरोप धाडीत नाहीत, असे तो सांगे. इतिहासातील कॅशियसनेही ख्रिस्तपूर्व ४५ साली सिसेरोला लिहिलेल्या पत्रात, सदाचार व न्याय यांवाचून सुखाने जगता येत नाही, हे गुरुवचन ठासून मांडले आहे. याला खाण्यापिण्याचा पंथ म्हणावयाचे काय?

एपिक्युरसचा आणखी एक सिद्धान्त येथे महत्त्वाचा आहे. इंद्रिये फसवीत नाहीत. फसवतो तो त्यांच्या साक्षीत आपण घाईने मिसळलेला तर्क. दुरून मनोरा वाटोळा दिसला तरी जवळ जाऊन पाहीपर्यंत मत राखून ठेवावे.

आता कॅशियसचा मृत्यू पाहा. त्याची दृष्टी मंद, म्हणून तो पिंडारस या गुलामास टेकडीवर चढवितो. टिटिनियसला घोडेस्वारांनी घेरले आहे, तो पकडला गेला, आरोळ्या उठत आहेत, असे पिंडारस सांगतो. मित्र शत्रूच्या हाती पडला असे समजून कॅशियस त्याच पिंडारसकडून, सीझरच्या देहात शिरलेल्याच तलवारीने, स्वतःचा अंत करून घेतो. ते स्वार स्वपक्षाचे होते, आरोळ्या आनंदाच्या होत्या. टिटिनियस विजयमाला घेऊन परततो तो प्रेतापाशी. (आम्ही पोटासाठी सरकारी फायली चाळतो, मागचे कागद न पाहता वरच्या टिपणीवर शेरा मारला की काय अनर्थ होतो, हे आम्हांस नवे नाही.) शकुन खराच ठरला ना, असे कोणी विचारील. पण त्या दिवशी ब्रूटसने ऑक्टेव्हियसची फळी मोडली होती! कावळ्यांना ते ठाऊक नव्हते आणि कॅशियसने ते कळेपर्यंत वाट पाहिली नाही. एपिक्युरसला सोडल्यानंतर काही घटकांतच तो मेला, हे आमच्या टीकाकारांना दिसत नाही.

ज्या मेस्सालाजवळ त्याने कबुली दिली, तोच प्रेतापाशी उभा राहून दोष देतो तो पाखरांना नव्हे, भ्रमाला. ब्रूटस येऊन सीझरच्या भुताचे नाव घेतो ते त्यानंतर. आणि टीकाकारांना ऐकू येतो तो ब्रूटसच.