सभासदांविना सभा

सभा मंचामुळे होत नाही, मंचासमोर बसलेल्या माणसांमुळे होते. ही गोष्ट इतकी साधी आहे की ती कोणास समजावून सांगण्याचे कारण पडू नये. परंतु देशातील बड्या भांडवलदारांनी नेमकी तीच विसरण्याची सोय करून घेतली आहे. सभागृह रिकामे ठेवावयाचे आणि मंच मात्र अधिकाधिक झगमगीत उभारावयाचा, अशी ही नवी रीत आहे.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या ९६ व्या कलमानुसार वार्षिक सर्वसाधारण सभा कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात किंवा त्याच शहरात वा गावात भरली पाहिजे. कोरोनाच्या साथीत, ५ मे २०२० रोजी, केंद्र सरकारने परिपत्रक काढून ती दूरदृश्य पद्धतीने घेण्यास मुभा दिली. त्या वेळी ते योग्यच होते. पुढे मुदत पुन्हा पुन्हा वाढविण्यात आली. साथ ओसरली, सवलत ओसरली नाही.

रिलायन्सचेच उदाहरण घ्यावे. १९८५ साली या कंपनीची सभा मुंबईत कूपरेजच्या मैदानावर हजारो भागधारकांच्या उपस्थितीत भरली होती. पुढे अनेक वर्षे ती बिर्ला मातोश्री सभागृहात होत असे. १५ जुलै २०२० रोजी ती प्रथमच पडद्यावर झाली. अशा सभांसाठी मंच खराखुरा बांधला जातो. त्यावर दिवे असतात, मागे प्रकाशमान पडद्यांची भिंत असते, पुढे अध्यक्षांचा उंचवटा असतो. त्याची आखणी मात्र केवळ कॅमेऱ्याच्या डोळ्यासाठी असते. त्या मंचाला शेवटची रांग नाही, आणि म्हणून त्या रांगेतून उठून हिशेब विचारणारा माणूसही नाही. दोष मंच ठोकणाऱ्या सुताराचा किंवा दिवे लावणाऱ्या कामगाराचा नव्हे. त्यांना त्यांच्या घामाचे दाम मिळालेच पाहिजे. दोष आहे तो मंच पाहिजे पण श्रोते नकोत, या वृत्तीचा.

वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा आणि त्याच्या आसपासच्या गावांत जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात दशावतार रंगतो. मंच म्हणाल तर मोकळी जागा आणि एक लाकडी बाक. संवाद लिहिलेले नसतात. नट समोरच्या माणसांचा अंदाज घेत ते जागच्या जागी रचतो. प्रेक्षक उठून गेले तर खेळ उरत नाही. त्याच शिरोड्याच्या मिठागरांवर १९३० च्या मे महिन्यात सत्याग्रही मिठाचा कायदा मोडण्यास जमले. ते देहाने तेथे हजर होते, म्हणूनच साम्राज्याला त्यांची दखल घेणे भाग पडले. प्रत्यक्ष हजेरी हे दुर्बलांचे पहिले शस्त्र आहे.

यावर कोणी म्हणेल, शिरोड्यातील दहा शेअरांच्या धन्याला मुंबईचे भाडे परवडत नाही. आता त्याला घरबसल्या सभा दिसते. आक्षेप खरा आहे. परंतु दिसणे म्हणजे भाग घेणे नव्हे. परिपत्रकाने मोठ्या कंपन्यांवर किमान एक हजार सभासदांच्या जागेचेच बंधन घातले, तेही प्रथम येणाऱ्यास प्राधान्य या तत्त्वावर. प्रवर्तक आणि बडे भागधारक यांना मात्र ही मर्यादा लागू नाही. सभेतच प्रश्न विचारू द्यावे की आधी ईमेलने मागवावे, याची निवड कंपनीकडे सोपविली. आधी हाती आलेल्या प्रश्नाला तयार उत्तर मिळते. अनपेक्षित प्रश्नापुढे अध्यक्ष गडबडतो, आणि ते शेजारच्या हजारजणांना दिसते, हा सभेचा खरा लाभ होता.

तेव्हा पडदा जरूर राहू द्यावा. पण सभागृहाचे दार उघडे ठेवण्याची सक्ती कायद्याने करावी. दूरच्या सभासदाचा प्रश्न त्याच्याच आवाजात, सर्वांना ऐकू येईल असा विचारला जावा. ज्यांच्या पैशावर मंच उभा राहतो, त्यांना समोर बसण्याची जागा नाकारणाऱ्या प्रकाराला सभा म्हणू नये. ती जाहिरात आहे.